हिवाळी अधिवेशनाचं काम दिवाळीआधी सुरू होतं: सीमाभागातल्या छोट्या संस्थांनी आमदार-खासदारांपर्यंत कसं पोचावं

पहिल्या वर्षी आम्ही सहा पानांचं निवेदन घेऊन गेलो होतो. खानापूर तालुक्यातल्या जंगलातल्या गावांना पावसाळ्यात रस्ता राहत नाही, आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं, हा विषय. चाळीस माणसं, दोन टेम्पो आणि एक बॅनर. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधात भरतं, तिथून थोड्या अंतरावर आंदोलकांसाठी मांडव घातलेले असतात, तिथं दुपारपर्यंत बसलो. एक आमदार आले, निवेदन घेतलं, फोटो झाला, गेले. मागं राहिलेल्या त्यांच्या पीएनं हळूच विचारलं, "ताई, प्रश्न द्यायची मुदत कधीच संपली. हे आत्ता का आणलं?"

आमदारानं सभागृहात मंत्र्याला विचारायचा प्रश्न आधी लेखी द्यावा लागतो आणि त्याला अशी काही मुदत असते, हेच आम्हाला माहीत नव्हतं. राग आमदारांचा आला नाही, स्वतःच्या अज्ञानाचा आला. चाळीस जणांचा एक दिवसाचा रोजगार बुडाला होता. महिला मंडळ, स्त्रीशक्ती संघ, वडगाव-शहापूरच्या विणकरांची एखादी संघटना, नदीकाठच्या शेतकऱ्यांचा गट, गावातलं वाचनालय, जे कोणी नव्यानं या वाटेला लागणार असतील त्यांचा तरी दिवस वाया जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितेय. वेगवेगळ्या पक्षांचे दोन-तीन सदस्य एका विषयापुरते जोडून घ्यायचे, म्हणजे त्यांचा अनौपचारिक गट करायचा, ही वाटही यात सांगितलीय.

आधी आपले लोकप्रतिनिधी मोजा

"आमचा आमदार ऐकत नाही" म्हणून खचलेली मंडळी मी खूप पाहिली. त्यांना मी विचारते, तुमचे प्रतिनिधी एकूण किती? बहुतेक जण दोन सांगतात, एक आमदार आणि एक खासदार. प्रत्यक्षात ते त्याहून बरेच जास्त असतात.

बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे 18 मतदारसंघ आहेत. लोकसभेला मात्र हा जिल्हा तीन ठिकाणी विभागलेला आहे. निपाणी, चिक्कोडी-सदलगा, अथणी, कागवाड, कुडची, रायबाग, हुक्केरी आणि यमकनमर्डी हे चिक्कोडी लोकसभा मतदारसंघात. शहरातले उत्तर आणि दक्षिण, ग्रामीण, गोकाक, अरभावी, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग हे बेळगावात. आणि खानापूर, कित्तूर हे दोन उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघात. खानापूरची माणसं वर्षानुवर्षं बेळगावच्या खासदारांच्या ऑफिसात खेटे घालताना मी पाहिलीत. त्यांचा खासदार कारवार, शिरसी, हल्याळकडची मतं घेऊन निवडून येतो. पहिल्यांदा हे कळतं तेव्हा लांबचं वाटतं, पण जंगलाचा विषय असेल तर हा फायदाच आहे. उत्तर कन्नड जिल्हा जंगलाचाच. वनहक्क म्हणजे काय हे त्या ऑफिसात पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही.

यानंतर विधान परिषद. कर्नाटकात 75 सदस्यांची विधान परिषद आहे आणि आपल्याकडं तिचा कोणी विचारच करत नाही. बेळगाव, बागलकोट आणि विजयपूर मिळून वायव्य पदवीधर मतदारसंघ होतो, तसाच वायव्य शिक्षक मतदारसंघ. शिवाय ग्रामपंचायत, नगरपालिका सदस्यांच्या मतांवर निवडून जाणारे जिल्ह्यातले दोन सदस्य वेगळे. परिषदेतला आमदार एका तालुक्याच्या गटार-रस्त्यात अडकलेला नसतो, म्हणून त्याच्याकडं विषय ऐकायला वेळ असतो, हा माझा अनुभव. वर राज्यसभेत कर्नाटकाचे 12 सदस्य आहेत. त्यांच्याकडं बेळगावातून कोणी फारसं जातच नाही, म्हणून गेलं की लक्षात राहतं.

महाराष्ट्रातल्या आमदारांचं काय, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याबद्दल आपल्या प्रत्येकाच्या भावना आहेत, माझ्याही आहेत. पण आज खानापूरच्या अंगणवाडीबद्दल मंत्र्याला उत्तर द्यायला लावण्याचा अधिकार बंगळूर-बेळगावात भरणाऱ्या सभागृहातल्या सदस्याला आहे. चंदगडच्या किंवा कागलच्या आमदाराला तो नाही. आपुलकीनं ते पत्र देतील, पण त्या पत्राचं उत्तर देणं इथल्या कुठल्याही मंत्र्यावर बंधनकारक नाही. दोन्ही गोष्टी मनात वेगवेगळ्या ठेवा. एकीसाठी दुसरी सोडावी लागत नाही.

अनौपचारिक गट म्हणजे नेमकं काय

सभागृहाच्या समित्या नियमांनी बांधलेल्या असतात. लोकलेखा समिती, आश्वासन समिती, याचिका समिती अशा. त्या अधिकाऱ्यांना बोलावू शकतात, कागद मागू शकतात, अहवाल सभागृहात ठेवतात. अनौपचारिक गटाला यातलं काहीही करता येत नाही. वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य एका विषयाच्या आस्थेपोटी एकत्र बसतात, तज्ज्ञांना आणि संस्थांना बोलावतात, समजून घेतात, आणि मग आपापल्या जागेवरून तोच विषय काढतात.

ब्रिटनच्या संसदेत असे सर्वपक्षीय गट शेकड्यानं आहेत आणि त्यांची अधिकृत नोंदवही असते. कित्येक गटांचं चिटणिसाचं काम एखादी सेवाभावी संस्थाच बघते. बाहेरून ठरावीक रकमेपेक्षा जास्त मदत मिळाली तर ती जाहीर करावी लागते. आपल्याकडं अशी नोंदवही नाही, पण प्रकार नवा नाही. लोकसंख्या आणि विकासावरची भारतीय खासदारांची संघटना 1978 पासूनची आहे. एचआयव्ही-एड्सच्या विषयावर सर्व पक्षांच्या खासदारांचा मंच उभा करण्यात आपल्याच कर्नाटकातले, उडुपीचे ऑस्कर फर्नांडिस पुढं होते. पुण्याच्या वंदना चव्हाण राज्यसभेत असताना मुलांच्या प्रश्नांवरच्या खासदारांच्या गटाचं काम त्यांनी बघितलं. शिवाय 2005 पासून लोकसभा अध्यक्षांच्या पुढाकारानं जलसंधारण, युवक, बालक, लोकसंख्या व सार्वजनिक आरोग्य, हवामानबदल अशा विषयांवर संसदीय मंच तयार झाले. ते अध्यक्षांच्या छत्राखालचे, म्हणून अर्धे औपचारिक. पण तत्त्व तेच: सदस्यानं पक्षाची टोपी बाहेर ठेवून विषय ऐकायचा.

याचा आपल्याला उपयोग काय? दिल्लीतल्या गटापर्यंत खानापूरचं महिला मंडळ थेट पोचणं अवघड आहे, हे मी लपवत नाही. पण तुमचा खासदार अशा एखाद्या गटात आहे का, हे विचारायला काहीच लागत नाही. असेल, तर तुमचा कागद त्याच्यामार्फत तिथल्या दहा-पंधरा खासदारांसमोर जाऊ शकतो. आणि राज्यात तयार गट नसेल तर आपल्या विषयापुरता आपणच जमवायचा. तीन माणसं पुरेत: एक सत्ताधारी, एक विरोधी पक्षातला, एक विधान परिषदेतला. गट म्हणून नाव ठेवू नका, लेटरहेड छापू नका. नाव आलं की अध्यक्ष कोण, हा वाद येतो.

सत्ताधारी आणि विरोधी दोघे हवेतच, यावर माझा फार जोर आहे. फक्त विरोधकाकडून प्रश्न आला तर मंत्री बचावाला उभे राहतात. फक्त सत्ताधाऱ्यांकडं विषय दिला तर तो "आम्ही बघतो" म्हणून खिशात जातो. दोघांकडून एकाच आठवड्यात आला की खात्यातला अधिकारी फाइल बाहेर काढतो. सीमाभागात तर याला आणखी एक कारण आहे. मराठी संस्थेनं विषय आणला की तो भाषेचा विषय समजला जातो, मग तो नळाच्या पाण्याचा का असेना. त्यात एक कन्नड भाषक आमदार पहिल्यापासून सोबत असला तर पाणी हे पाणीच राहतं.

कागद एक पानाचा, आणि कन्नडमध्येही

निवेदन कुठल्या भाषेत द्यावं? घटनेच्या कलम 350 प्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे. तो सोडू नका. मराठी प्रत द्या, त्यावर पोच घ्या. पण तो हक्क आहे म्हणून कन्नड प्रत करायचीच नाही, हे मला पटत नाही. प्रश्नाचा मसुदा करणारा पीए, तो छापणारा सचिवालयातला कारकून आणि उत्तर लिहिणारा खात्याचा माणूस, हे तिघं कन्नडमध्ये काम करतात. त्यांना उचलून चिकटवता येईल असं वाक्य मिळालं तर तेच सभागृहात जातं. गावातल्या हायस्कूलचे कन्नडचे गुरुजी किंवा कॉलेजला जाणारी एखादी मुलगी हे काम आनंदानं करते. थोडे शब्द तोंडात असू द्या: निवेदनाला मनवी, तारांकित प्रश्नाला (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) चुक्के गुरुतिन प्रश्ने, लक्षवेधी सूचनेला (तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणारी) गमन सेळेयुव सूचने. आणि आमदाराला शासकरु म्हणतात. आपल्या कानाला तो राज्यकर्ता वाटतो, पण तिकडं तो साधा शब्द आहे.

संसदेत याचिका द्यायची असेल तर नियम वेगळा आहे. ती हिंदीत किंवा इंग्रजीत हवी, दुसऱ्या भाषेत असेल तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावरही सही लागते.

आता मजकूर. आमच्या सहा पानांत दुःख भरपूर होतं, मागणी एकही नव्हती. "रस्ता करून द्यावा" ही मागणी नव्हे, ती इच्छा. मंत्री त्यावर "परिशीलन करू", म्हणजे तपासून बघू, म्हणतात आणि विषय संपतो. दुसऱ्या वर्षी आम्ही कायदा वाचला. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 मधल्या दुसऱ्या पोटकलमात 13 प्रकारच्या सोयींसाठी वनजमीन देता येते, असं लिहिलंय. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या आणि दूरसंचाराच्या तारा, पिण्याचं पाणी, रस्ता, समाजमंदिर. अटी तीन: प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. खानापूर तालुक्यातलं भीमगडचं जंगल 2011 साली अभयारण्य झालं, त्यामुळं त्या हद्दीत वन्यजीव कायद्याचा मुद्दाही येतो. तोही कागदावर आम्हीच मांडला, कारण आपण लपवला तर खातं तोच पुढं करतं.

मग मागणी अशी झाली: अमुक गावांच्या ग्रामसभेनं अमुक तारखेला ठराव करून प्रस्ताव पाठवला, तो सध्या कुठल्या कार्यालयात आहे, किती दिवस आहे, आणि निर्णय कधी होणार? तीन प्रश्न. याला "बघू" हे उत्तर होत नाही.

म्हणून पानावर एवढंच ठेवा. वर दोन ओळींत विषय. मग तुम्ही स्वतः मोजलेली माहिती, म्हणजे किती घरं, किती मुलं, दवाखाना किती किलोमीटरवर. ऐकीव आकडा एकही नको, सदस्य सभागृहात तोंडघशी पडला तर परत तुम्हाला भेटणार नाही. मग कायद्याचं किंवा योजनेचं नाव. शेवटी तीन प्रश्न आणि दोन फोन नंबर, त्यातला एक कन्नड बोलणाऱ्याचा. ठरावाची, फोटोंची वेगळी फाइल करा, मागितली तरच द्या.

दिवाळीआधी कागद, दिवाळीनंतर भेटी

हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरात, दहाएक दिवसांचं असतं. प्रश्नाची सूचना अधिवेशनातल्या त्या दिवसाच्या किमान पंधरा दिवस आधी जावी लागते. लोकसभेतही किमान पंधरा दिवसांचीच सूचना आहे. उलटं मोजत या. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर हवं असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत प्रश्न पीएच्या हातात पाहिजे. म्हणजे कागद दिवाळीच्या आत तयार. गावी आलेली पोरं फराळाला घरी असतात तेव्हाच घरं मोजणं, फोटो, टायपिंग ही कामं उरकून घ्या. आम्ही तसंच करतो.

भेटीला तिघांनी जायचं. एकजण बोलणारा, एकजण लिहून घेणारा, आणि ज्याच्या अंगावरून ते दुःख गेलंय असा एक. आमच्यासोबत एक आजी आल्या होत्या. त्या दोनच वाक्यं बोलल्या, तीही जंगलाकडच्या मराठीत, आणि समोरचे आमदार कन्नड भाषक असूनही त्यांना सगळं समजलं. आमदार घरी असतात ती वेळ सकाळची. त्याआधी पीएशी ओळख करून घ्या आणि ती टिकवा. पीए म्हणजे दार अडवणारा माणूस, असं समजणारे कायम दाराबाहेर राहतात. दिवसभर शेकडो लोक बदली, उपचार, लग्नपत्रिका घेऊन त्याच्यापुढं येतात. तयार प्रश्न घेऊन येणारा माणूस त्याचं काम हलकं करतो.

दिल्लीत काही खासदारांकडं अभ्यास करून देणारे तरुण मदतनीस असतात. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेचा लॅम्प नावाचा उपक्रम 2010 पासून असे फेलो खासदारांना देत आलाय. तुमच्या खासदाराकडं असा मुलगा-मुलगी आहे का, हे ऑफिसात विचारा. असेल तर तुमचं एक पान तिथं मन लावून वाचलं जाईल. लोकसभेत एका दिवशी फक्त 20 तारांकित प्रश्न घेतले जातात आणि कोणाचे, ते सोडतीनं ठरतं. म्हणून एकच प्रश्न दोन-तीन खासदारांनी दिला तर निघण्याची शक्यता वाढते. गटाचा असा अगदी हिशेबी फायदाही आहे.

निधीची मागणी याच भेटीत मिसळू नका. खासदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, आमदारालाही वेगळा असतो. समाजमंदिराला दोन लाख मागायचे असतील तर ते वेगळ्या दिवशी मागा. एकाच बैठकीत दोन्ही मागितलं की त्यांना द्यायला सोपं तेच मिळतं, आणि तुम्ही धन्यवादाचा फलक लावून घरी जाता.

अधिवेशनाच्या दिवसांत

एरवी बंगळूरला जाऊन भेटावे लागणारे 224 आमदार या दहा दिवसांत बेळगावजवळ हलग्याच्या माळावर, सुवर्ण विधानसौधात असतात. ही इमारत 2012 मध्ये सुरू झाली, त्याआधी 2006 मध्ये पहिल्यांदा बेळगावात अधिवेशन भरलं होतं. आत जायला पास लागतो, तो सदस्याच्या शिफारशीनं मिळतो, ओळखपत्र बरोबर ठेवा. कामकाजाच्या वेळी सदस्याला गाठायला जाऊ नका. सकाळी ते उतरलेल्या ठिकाणी किंवा संध्याकाळी कामकाज संपल्यावर भेटा. उत्तर कर्नाटकाच्या प्रश्नांवर बहुतेक अधिवेशनांत चर्चा होते. त्या चर्चेआधी तुमचं पान जिल्ह्यातल्याच नव्हे, बागलकोट, धारवाड, हल्याळच्या आमदारांकडंही असलं तर भाषणात एक वाक्य तरी येतं. प्रश्नाची मुदत चुकली असेल तर लक्षवेधी सूचना आणि शून्य प्रहर (प्रश्नोत्तरांनंतर सदस्य तातडीचे विषय मांडतात ती वेळ) उरतात, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

धरणं, मोर्चा करायचा तर करा, तो तुमचा हक्क आहे. फक्त ज्या आमदारानं तुमचा प्रश्न लावलाय, त्याच्याविरुद्ध त्याच दिवशी घोषणा होणार नाहीत एवढं बघा. आमच्या ओळखीच्या एका गटाचं असं झालं आणि दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली.

पैशाबद्दल

सदस्यांना एकत्र बोलवायचं म्हणजे चहा, हॉल, गाडी आली. चहा आणि पोहे ठीक आहेत. त्यापलीकडं जाऊ नका. परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थांनी तर फारच जपावं. 2010 च्या त्या कायद्यानं कुठल्याही विधिमंडळाच्या सदस्याला परदेशी देणगी घ्यायला बंदी आहे. तुमच्या परदेशी निधीतून आमदाराच्या प्रवासाचं एक तिकीट निघालं तरी तो आणि तुम्ही दोघे अडकता. गावातून दहा-दहा रुपये गोळा करा, वहीत लिहा आणि ती वही मागेल त्याला दाखवा.

उत्तर आल्यावर

इथं सगळ्यात जास्त माणसं कमी पडतात. प्रश्न लागला, पेपरात बातमी आली, कात्रण फ्रेम केलं, झालं. खरं काम तिथून सुरू होतं. उत्तराची छापील प्रत पीएकडून मागून घ्या. लोकसभेतली उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यात "करण्यात येईल", "तपासून कळवू" असं एखादं वाक्य असतंच. ते वाक्य म्हणजे आश्वासन. लोकसभेत दिलेलं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर लक्ष ठेवायला समिती असते, राज्यातही आश्वासन समिती आहे. तारीख घालून त्या समितीच्या अध्यक्षांना एक पत्र, प्रत तुमच्या तिघा सदस्यांना. उत्तरात चुकीची माहिती असेल तर ते फार कामाचं असतं. गावात नसलेला रस्ता "पूर्ण" म्हणून दाखवला असेल, तर फोटो काढा आणि पुढच्या अधिवेशनासाठी ठेवा.

तिघाही सदस्यांना आभाराचं पत्र द्या, सारखंच, एकाच दिवशी. व्हॉट्सॲपवर एकाचाच फोटो टाकला तर बाकीचे दोघे पुढच्या वर्षी दिसणार नाहीत.

आणि ते उत्तर मराठीत करून ग्रामसभेत वाचून दाखवा. आमचं पहिलं उत्तर आम्ही देवळाच्या पायरीवर वाचलं. रस्ता झाला नव्हता, प्रस्ताव कुठल्या कार्यालयात पडून आहे एवढंच त्यात होतं. पण त्या आजींनी तो कागद मागून घेतला, घडी घातली आणि रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी गावातली पाच माणसं तोच कागद घेऊन त्या कार्यालयात गेली, आम्हाला न विचारता.